सलामत होडी आणि ओहोटीची बैठक

धक्क्याच्या उजव्या अंगाला, माडांच्या सावलीत एका कुशीवर कललेली जी जुनी होडी दिसते ना मित्रांनो, ती मी. माझा निळा रंग आता पोपडे धरून सुटला आहे. पोटात वाळकी झावळं साचली आहेत आणि एका कोंबडीने पुढच्या टोकाला आपलं बिऱ्हाड थाटलं आहे. येणारे-जाणारे मला बघून "अरेरे" म्हणतात. मला तेवढं वाईट वाटत नाही. मी पुष्कळ पाणी पाहिलं आहे, आणि पाण्याहून जास्त माणसं पाहिली आहेत. त्यांतल्या काही मुलामुलींची गोष्ट तुम्हांला सांगावी, असं फार दिवस मनात आहे.

माझा जन्म अंजनवेलच्या बाजूला, किनाऱ्यावरच्या एका मांडवाखाली झाला. रामा सुतार नावाच्या म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं. ऐनाच्या लाकडाचा कणा, फणसाच्या फळ्या, आणि फटीफटींतून ठासलेला कापूस आणि राळ. माझे मालक मजीद हे दुबईला एका बोटीवर खलाशी होते. घरापासून दूर राहून कंटाळले, तेव्हा साठवलेल्या कमाईतून त्यांनी मला बांधून घेतलं आणि आपल्या खाडीत परत आले.

मला पाण्यात सोडायच्या आधी त्यांनी आपल्या बायकोला, हफीजाला, विचारलं, "तुझा नाव घालू काय हिच्यावर?"

हफीजा म्हणाली, "नको हो. गावभरची माणसं माझ्या नावावर पाय देऊन चढतील. मला नाय आवडायचा."

मजीद जरा हिरमुसले. मग म्हणाले, "बरां. नाय तर नाय." दोघांनी बसून दुसरं नाव शोधलं. सलामत. मला ते आवडलं. सलामत म्हणजे सुखरूप. लोकांना सुखरूप पलीकडे न्यायचं, हे माझं कामच होतं.

आमच्या खाडीच्या एका तीरावर बंदर मोहल्ला आहे. तिथे मच्छीमारांची आणि बोटीवर जाणाऱ्यांची घरं, बाजार, दवाखाना आणि कॉलेज. दुसऱ्या तीरावर, चढणीवर, कातळवाडी. तिथे भाताची शेतं, काजू-आंब्याच्या बागा, आणि बहुतेक घरांतले बापये मुंबईला. एसटीने वळसा घालून या तीरावरून त्या तीरावर जायचं तर अर्धा दिवस मोडायचा. माझ्यातून मात्र माणूस पान चघळेपर्यंत पलीकडे पोचायचा. मी आंब्याच्या पेट्या नेल्या, बोकड नेले, नवऱ्या मुली नेल्या. भाद्रपदात कातळवाडीचे गणपती माझ्यातून यायचे आणि ईदेला मोहल्ल्यातून शीरखुर्म्याचे डबे कातळवाडीला जायचे. एकदा एका अडलेल्या बाईला मी वेळेवर दवाखान्यात पोचवलं, तर तिच्या सासूने बाळाला आणून माझ्या कडेला त्याचं कपाळ टेकवलं होतं. असं कौतुक फार कमी होड्यांच्या वाट्याला येतं.

पण सगळ्यांत जास्त मी नेली ती शाळा-कॉलेजची मुलं.

त्यांत मनस्वी होती. आठवीपासून ती माझ्यातून यायची. तिचे वडील मुंबईत एका कंपनीत, आणि आई तुळसा कातळवाडीला काजूच्या बागेत राबायची. मनस्वी खो-खो खेळायची. दोर बांधायच्या आतच माझ्या कडेवरून ती धक्क्यावर उडी घ्यायची. मजीद रोज ओरडायचे, "अगो, पाय मोडून घेशील!" ती रोज हसायची. तिची जिवलग मैत्रीण म्हणजे मजीदची मुलगी समरीन. समरीन सकाळच्या खेपेला बापाच्या मदतीला असायची. दोर टाकायची, सोडायची, आणि मधल्या वेळात दोघींची अखंड बडबड. इंजिनाचा आवाज मोठा की त्यांचा, हे मला कधी ठरवता आलं नाही.

मनस्वी अकरावीत गेली तेव्हा तिचं स्वरूपशी जमलं. स्वरूप बारावीत होता, कातळवाडीचाच. त्याचे आईवडील धाकट्या बहिणीला घेऊन मुंबईला राहायचे आणि हा आजोबांजवळ, भागोजींजवळ, वाढलेला. अबोल, कामसू मुलगा. तो तिच्यासाठी जागा धरून ठेवायचा. पानाच्या द्रोणात करवंदं आणायचा. ती हसली की त्याचे कान लाल व्हायचे. खरं सांगते, मला फार छान वाटायचं. माणसांचं एकमेकांवर मन जडतं तेव्हा लाकडालासुद्धा ऊब लागते.

मग हळूहळू काहीतरी बदललं.

आधी तो म्हणाला, "तू इकडे बस. त्या पोरांच्या बाजूला नको." मग म्हणाला, "फोनचा पासवर्ड सांग. लपवण्यासारखं काय आहे?" खाडीच्या मध्यावर तो तिचा फोन घेऊन एकेक मेसेज वाचत बसायचा आणि ती गप्प बसून त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायची. पुढे म्हणाला, "समरीन तुला बिघडवते." त्यानंतर मनस्वी पुढच्या टोकाला बसायची आणि समरीन मागे इंजिनाजवळ. समरीन दोर टाकायची, तेही तिच्याकडे न बघता.

होडीतल्या सगळ्यांना हे दिसत होतं. पण त्यांना त्यात वावगं काही वाटत नव्हतं. एक बाई म्हणाली, "आताच एवढी काळजी, लगीन झाल्यावर तर बगायलाच नको!" सगळे हसले. भागोजी तर कौतुकाने म्हणाले, "माझा नातू हाय तो. जपतो पोरीला." मनस्वीही हसली. पण दप्तराखाली तिचा हात माझ्या फळीला घट्ट धरून होता. तिच्या नखांची टोचणी मला कळत होती. ते मी कोणाला सांगणार?

त्या वर्षी तालुक्याच्या खो-खो संघात मनस्वीची निवड झाली. स्वरूप म्हणाला, "हाफ पॅन्ट घालून सगळ्यांसमोर पळणार? जायचं नाही."

ती प्रथमच म्हणाली, "मी जाणार."

त्याने एक पाय माझ्या कडेवरून बाहेर टाकला. खाली खोल पाणी. "मग मी उडी टाकतो. तूच जबाबदार."

"नाही खेळत, नाही खेळत! आत ये, तुला शपथ आहे!" ती रडायला लागली. तो आत आला. मजीदनी सुकाणूवरून पाहिलं आणि मनात म्हटलं, पोरांचं भांडण आहे, मिटेल. मलाही तसंच वाटलं होतं.

मार्गशीर्षातल्या एका दुपारची गोष्ट. परतीची खेप होती आणि पाणी उतरायला लागलं होतं. भागोजी बाजारातून कुळथाचं बियाणं घेऊन बसले होते. मध्यावर आलो तेव्हा मनस्वीचा फोन वाजला.

"कोण?" स्वरूपने विचारलं.

"सावित्री मॅडम. खो-खोचं विचारत असतील."

"दाखव."

"मॅडमच आहेत रे."

"दाखव म्हटलं ना!"

तिने फोन छातीशी धरला. त्याने तिचं मनगट धरलं आणि पिरगळलं. फोन सुटून पाण्यात गेला. तिने हात सोडवायला हिसका दिला, त्याने ढकललं, आणि ती आडव्या फळीवर तोंडावर आपटली. मी एका बाजूला कलले, मग सावरले. तिच्या ओठातून रक्त आलं.

सगळी माणसं पाण्याकडे बघायला लागली. कोणी पिशवी सारखी केली. कोणी खोकलं. पाण्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं मित्रांनो, तरी सगळे तिथेच बघत होते.

तेवढ्यात इंजिन थांबलं. मजीदनी ते बंद केलं होतं. खाडीच्या मध्यावर एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

"बाय, लागलां काय?" मजीदनी विचारलं.

मनस्वीने मान हलवली. नाही.

"त्याच्याकडे नको बगू. मी इचारतंय. लागलां काय तुला?"

तिने ओठावर हात धरला.

"बरां. मग एवढांच सांग, कुठं सोडू तुला? तू सांगशील तिथं होडी लावतो."

तिचा बारीक आवाज आला, "समरीनकडे."

मागून एकजण कुरकुरला, "अवो मजीदभाय, पाणी चाललंय. आता मागं फिरलात तर येताना चिखलात रुतू सगळे."

तेव्हा भागोजी उठून उभे राहिले. त्यांचे गुडघे दुखायचे, ते होडीत कधी उभे राहत नसत. ते म्हणाले, "फिरव मजीद. रुतलो तर रुतलो."

मी फिरले. धक्क्यावर समरीन होती. बापाला परत आलेलं बघून ती पायऱ्या उतरून थेट गुडघाभर पाण्यात आली. मनस्वीने उडी मारली नाही. तिने फक्त हात पुढे केला आणि समरीनने तिला खाली उतरवून घेतलं. "चल गो, घरी चल," एवढंच ती म्हणाली. इतक्या दिवसांचा अबोला तिने त्या क्षणी विचारातही घेतला नाही.

मग व्हायचं तेच झालं. कातळवाडीच्या जवळ येता येता मी चिखलात रुतले. माणसं कपडे वर खोचून, चिखल तुडवत काठाला गेली. मजीदही उतरून काठावर जाऊन बसले. भागोजींना गुडघ्यांमुळे चिखलातून जाता येईना. स्वरूप उतरायला निघाला तसे ते म्हणाले, "तू थांब."

आजोबा आणि नातू समोरासमोर बसले.

"काय झालां ते सांग," भागोजी म्हणाले.

"ती माझं ऐकतच नाही. ती..."

"तिचा नको. तुझा सांग. तू काय केलंस?"

"तिने फोन दिला नाही म्हणून..."

"परत तिचाच. मी तुझा इचारतोय."

स्वरूप चिडला. मग म्हणाला, "मी फोन मागितला."

"पुढं?"

"मी... मनगट धरलं."

"पुढं?"

"पिरगळलं." त्याचा आवाज फाटला. "ढकललं. मी ढकललं तिला, आजोबा." आणि तो दोन्ही हातांत तोंड घालून रडायला लागला. "सगळे मला सोडून जातात. आई गेली, बाबा गेले. ती पण जाईल असं वाटतं मला. सारखं वाटतं."

भागोजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तुला भ्या वाटतां, ता मला कळला. पन तुझ्या भ्याचा वझा त्या पोरीनं का उचलायचा? ती काय हमाल हाय तुझी?" मग ते म्हणाले, "आनि मी येडा, माणसांत बसून तुला शाबासकी देत व्हतो."

पाणी चढून मी तरंगायला लागेपर्यंत दोघे तसेच बसून होते.

मनस्वी त्या रात्री मजीदच्या घरी राहिली. हफीजाने तुळसाच्या शेजाऱ्यांना फोन करून तिला निरोप दिला. सकाळच्या पहिल्या खेपेला हफीजा स्वतः तिला घेऊन आली. तुळसा काठावर उभी होती. कमरेला कोयती, डोळे सुजलेले. मुलीला बघताच ती म्हणाली, "बास झाला कॉलेज. आजपासून माझ्यासंगती बागेत यायचा. मोबाईल नको, होडी नको, काय नको."

मनस्वीचं तोंड पांढरं पडलं.

हफीजा खाली उतरली नाही. माझ्यातूनच म्हणाली, "तुळसा, चूक त्यानं केली नि घरात कोंडतेस हिला? हा कुठचा गो न्याय? मग पुढच्या वेळी कुठची पोर सांगेल आपल्याला?"

"लोक काय बोलतील, हफीजा?"

"लोक काल होडीतच होते. काय नाय बोलले. तेच तर दुखणा हाय."

मनस्वी हळूच म्हणाली, "आये, मी तुझ्याशी खोटं बोलले. तो छान वागतो म्हणून सांगत राहिले. पण मला घरात ठेवू नकोस. मला खो-खो खेळायचाय."

तुळसा पाण्यात उतरली, माझ्या कडेशी आली आणि पदराच्या टोकाने तिचा सुजलेला ओठ टिपला. "दुखतंय?"

"हो," मनस्वी म्हणाली. "खूप दुखतंय." आणि आईच्या गळ्यात पडून रडली.

तुळसाने कोयती कमरेची काढून माझ्या फळीखाली ठेवली आणि आहे त्याच लुगड्यात होडीत चढली. "चल मजीदभाऊ. हिच्या मॅडमला भेटायचाय."

सावित्री मॅडम कॉलेजात शिकवायच्या आणि खो-खोही घ्यायच्या. त्यांनी आधी मनस्वीलाच विचारलं, "तुला काय हवंय?" हे समरीनने नंतर दोर आवरताना मजीदना सांगितलं तेव्हा मला कळलं. मनस्वी म्हणाली होती, "तो माझ्या होडीत नको. आणि आमच्यात आता काही नाही, हे त्याला कोणीतरी नीट सांगा." मग तसंच ठरलं. स्वरूपसाठी मजीद एक वेगळी खेप आधी करायचे. त्याच्याबरोबर भागोजी असायचे. कॉलेजने त्याच्या आईवडिलांना मुंबईहून बोलावून घेतलं. वडिलांनी काठावरच त्याच्यावर हात उगारला, तर भागोजींनी तो वरच्या वर धरला. "मारून काय शिकंल तो? मारायलाच शिकंल." पुढे बरेच महिने भागोजी त्याला रत्नागिरीला शमिकाताई नावाच्या समुपदेशक बाईंकडे नेत राहिले. गुडघे दुखायचे, तरी एकही फेरी चुकली नाही.

पण हफीजाचं एवढ्यावर समाधान झालं नाही. ती सावित्री मॅडमना म्हणाली, "एका पोराचा निस्तरला. बाकीच्यांचा काय? त्या दिवशी सगळी होडी हसत व्हती."

आता मित्रांनो, आमच्या खाडीत ओहोटीला काही काळ होडी चालतच नसे. मुलं सुटून धक्क्यावर यायची आणि पाणी चढायची वाट बघत बसायची. कोणी मोबाईल खेळायचं, कोणी चिंचा चघळायचं. सावित्री मॅडम म्हणाल्या, "हीच वेळ आपली." आणि ओहोटीची बैठक सुरू झाली. मी चिखलात टेकलेली असायची. काही मुलं माझ्यात बसायची, काही धक्क्याच्या पायऱ्यांवर. मोहल्ल्यातली मुलंही येऊन बसायची. बाजारहाट करून परतणारी मोठी माणसंही तिथेच अडकलेली असायची, त्यामुळे तीही ऐकायची.

पहिली बैठक फसायलाच आली होती. मॅडमनी विचारलं, "जपणं आणि ताब्यात ठेवणं, यात फरक काय?" मुलगे माना खाली घालून हसले, मुली ओढण्या ओढत बसल्या. शेवटी मजीदनी माझ्या नावाचा किस्सा सांगितला. "मी हिचा नाव घालणार होतो, ही नको बोलली. मला वाईट वाटला. दोन दिवस वाटला. मग गेला. मेलो काय मी?"

सगळे खळखळून हसले. मग मोहल्ल्यातला तन्वीर, दहावीतला, उठून म्हणाला, "मॅडम, म्हणजे कोणी आवडली तर बोलायचंच नाही?"

"बोल की. छान बोल."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर वाईट वाटेल. रड, मित्राला सांग, पोहायला जा. तिच्या मागे जाऊ नकोस."

"आणि ती काहीच नाही बोलली तर?"

"तर ते हो नव्हे, एवढं लक्षात ठेव."

तन्वीर विचार करत खाली बसला. पुढच्या बैठकीपासून मुलं प्रश्न घेऊनच यायला लागली. पासवर्ड द्यावा का? मैत्रिणीचा मित्र तिला रडवतो, आपण काय करावं? मुलगी मुलाला सारखी धमकी देते, ते चालतं का? तेही चालत नाही, असं ठरलं, आणि त्यावरून मुलग्यांनी टाळ्या वाजवल्या.

विरोधही झाला. मोहल्ल्यातून एकजण आले, कातळवाडीतून दोघे आले. एरवी एकमेकांशी फारसं न बोलणारी ती माणसं या बाबतीत मात्र एका सुरात म्हणाली, "पोरांना प्रेमाचे धडे देता काय?"

हफीजा म्हणाली, "ते धडे मोबाईल देतो, दिवसभर. आम्ही एवढांच सांगतो की कोणाला दुखवू नका नि दुखला तर बोला. हे वाईट हाय काय?" ती माणसं आल्या वाटेने परत गेली. त्यांच्यातले एक पुढच्या बैठकीला मागे उभे राहिलेले मी पाहिले.

समरीनने माझ्या अंगावर पांढऱ्या ऑइलपेंटने मोठे आकडे रंगवले, १०९८. अडचणीतल्या मुलांना मदत मिळवून देणारा तो फोन नंबर. माझ्या आयुष्यात मला लागलेला सगळ्यांत सुंदर रंग तो. एका दुपारी आयात नावाची नववीतली मुलगी सगळे उतरून गेल्यावर मागे राहिली. हफीजाच्या जवळ सरकून म्हणाली, "चाची, एकजण माझ्याकडे फोटो मागतो. नाही पाठवला तर बदनाम करीन म्हणतो." हफीजाने तिचा हात हातात घेतला. ओरडली नाही, का बोललीस त्याच्याशी असंही विचारलं नाही. दोघी मिळून आयातच्या आईकडे गेल्या, आणि मग तिघी मिळून सावित्री मॅडमकडे. तिथून त्यांनी तो नंबर लावला. आयात दुसऱ्या दिवशी होडीत आली तेव्हा मस्तपैकी जांभई देत होती. खूप दिवसांनी तिला झोप लागली होती.

मनस्वी खो-खो खेळली. गुहागरला सामने होते. सगळा संघ भल्या सकाळी मीच पलीकडे नेला. अंतिम सामन्यात मुली हरल्या. पण येताना इतक्या जोरात गात होत्या की काठावरच्या बायका जिंकल्या समजून ओवाळायला धावल्या, आणि मग हरल्याचं कळल्यावरही त्यांनी ओवाळलंच.

स्वरूप मनस्वीची माफी मागायला निघाला होता. भागोजींनी अडवलं. "तिच्या दारात जायचा नाय. तिला ऐकायचा असंल तर ती बोलवील." तिने बोलावलं नाही. तो थांबून राहिला. ती नसताना एका बैठकीत मात्र तो लहान मुलग्यांपुढे बोलला. "मला वाटायचं, ती माझी आहे. दप्तर माझं असतं ना, तशी. कोणी असं वागायला लागलं तर मला येऊन सांगा. मी मारणार नाही, ऐकून घेईन." एवढं बोलून तो खाली बसला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तन्वीरने त्याला सरकून जागा दिली.

आणि मग पूल झाला.

पुलाचं सगळ्यांना कौतुक, मलाही होतं. आता दवाखान्याला जाणाऱ्या बाईला भरती-ओहोटी बघावी लागत नाही. पण माझ्याकडे कोणी फिरकेनासं झालं. मजीदनी मला माडांखाली ओढून ठेवलं. उन्हाने फळ्या आक्रसल्या, राळ गळून पडली. बैठक पुलाजवळच्या एसटी थांब्यावर गेली. वाऱ्याची दिशा बरोबर असली की तिथलं हसणं मला ऐकू येतं. सुरुवातीला मला हेवा वाटायचा. आता वाटत नाही. पाणी असो की नसो, मुलं बसतात, बोलतात, हे काय कमी आहे?

यंदा पावसाळ्याआधी मजीदनी ठरवलं, मला दुरुस्त करायचं. त्यांच्या मदतीला स्वरूप आला. तो आता बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. तो माझा जुना रंग खरवडत होता, तेवढ्यात समरीन आली, आणि तिच्याबरोबर मनस्वी. मनस्वी रत्नागिरीला नर्सिंग शिकते, सुट्टीत घरी आली होती. मला बघायला आली होती. तो इथे असेल हे दोघींना ठाऊक नव्हतं.

स्वरूप उठून उभा राहिला. मला ती मार्गशीर्षातली दुपार आठवली आणि माझ्या फळ्या ताठ झाल्या.

स्वरूपने विचारलं, "मी जाऊ का?"

मनस्वीने त्याच्याकडे सरळ पाहिलं. घाबरून नाही, रागानेही नाही.

"हो," ती म्हणाली. "जा."

त्याने हातातली पत्र्याची खरवडणी खाली ठेवली. मजीदना म्हणाला, "चाचा, उद्या येतो." आणि माडांमधल्या वाटेने निघून गेला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. पावलं आपटली नाहीत. जाताना त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण ते त्याचं त्याने बरोबर नेलं.

मनस्वी माझ्या कडेवर येऊन बसली. एक मोठा श्वास सोडला. मग समरीनला म्हणाली, "भूक लागली गो. काय आणलंयस खायला?" समरीनने डबा उघडला आणि दोघींची बडबड सुरू झाली. कोंबडीसुद्धा वैतागून बाहेर आली.

मित्रांनो, मी पुन्हा पाण्यात जाईन की नाही, मला ठाऊक नाही. रंग वरून छान असला तरी होडीच्या आत पाणी झिरपत असतं. म्हणून तिला वरचेवर उलटीपालटी करून बघावं लागतं. तुमच्या मैत्रीचं, प्रेमाचंही तसंच बघत जा. तिथे तुम्हांला मोकळं हसता येतं का, नाही म्हणता येतं का, आपले मित्र, आपला खेळ, आपलं शिक्षण टिकतं का, हे विचारत जा. आणि बाजूला बसलेल्या मोठ्या माणसांनो, तुम्हांलाही सांगते. एखादं पोर गप्प झालेलं दिसलं तर नजर वळवू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा. ते सांगेल तेव्हा आधी ऐका, मग त्याला काय हवं ते विचारा. एवढ्यानेसुद्धा एखादी मुलगी पुन्हा खेळायला जाते, आणि एखादा मुलगा नीट माणूस होतो. मी पाहिलं आहे.